इंजिन आयडलिंगला थरथरतं, मिसिंग मारतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः फ्युएल इंजेक्शनच्या चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनाला धरून आहेत. गॅसच्या गाड्या, डिझेल आणि कार्ब्युरेटरच्या बाइक यांचं वेगळं असतं तेवढं शेवटी दिलं आहे.

आयडलिंग किती असायला हवं? थोडं थरथरणं चालतं का?

गाडी उभी आणि अ‍ॅक्सिलरेटर न दाबलेला असताना (हेच आयडलिंग) गरम झालेलं पेट्रोल इंजिन साधारण ६५० ते ८५० आरपीएमवर फिरतं. थंड असताना ते ११०० ते १५०० पर्यंत चढतं आणि पाणी गरम होईल तसं आपोआप उतरतं. काटा एका जागी स्थिर हवा. ५० आरपीएम इकडेतिकडे झालं तर काळजी नको, पण ६०० ते १००० असा झोका घेत असेल तर त्याला हंटिंग म्हणतात आणि तो दोषच.

थरथर मात्र दोन प्रकारची असते. ७५० आरपीएमला चार सिलिंडरी इंजिनात सेकंदाला २५ स्फोट होतात, त्यामुळे हाताला लागते ती एकसंध गुरगुर. एक सिलिंडर काम करेनासा झाला की सेकंदाला सहा ठोके चुकतात आणि सीटवर बसल्या बसल्या ते मोजता येतील असे जाणवतात. तीन सिलिंडरी इंजिन मुळातच थोडं जास्त हलतं. त्याची चार सिलिंडरीशी तुलना करून प्लग बदलत बसू नये.

बोनेट उघडण्याआधी काय पाहायचं?

थरथर नेमकी *केव्हा* येते ते. बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि आधी प्लग, मग कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी), मग सेन्सर असे एकेक नवे भाग आणत जातात. दोन दिवस एवढंच टिपून ठेवा: थंड इंजिनाला होते की गरम झाल्यावर? न्यूट्रलमध्येही होते की फक्त गिअर टाकल्यावर? एसी लावला की वाढते का? ब्रेक दाबला की बदलते का? पेट्रोल भरून निघाल्यावर होते का? रेस दिली की जाते का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. थरथर २००० आरपीएमच्या वर पूर्ण जात असेल तर आधी हवेची गळती, थ्रॉटल बॉडी (आत जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या पाकळीचा भाग) आणि ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) पाहा. रेस दिल्यावरही झटके राहत असतील तर ठिणगी, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे वळा. आणि आरपीएमचा काटा ढिम्म असून फक्त स्टिअरिंग आणि सीट हलत असेल, तर इंजिन ठीक असण्याचीच शक्यता जास्त. माउंटिंग (इंजिन पेलणारे रबर) बघा.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. गॅरेजपर्यंत चालवत नेऊ का?

नको. दिवा स्थिर असेल तर गाडी सांभाळून नेता येते. लुकलुकणारा दिवा सांगतो की मिसफायर (म्हणजे मिसिंग, सिलिंडरमधलं पेट्रोल न जळणं) इतका आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) खराब होईल. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. एका कॉइलच्या दुखण्यातून कन्व्हर्टर बदलायची पाळी येते ती अशी.

स्कॅनर लागतोच का?

लागतोच असं नाही, पण ओबीडीच्या (गाडीचा संगणक तपासायच्या) सॉकेटला लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनवरचं अ‍ॅप असेल तर अर्धं काम होतं. कोड वाचताना:

पी०३०० म्हणजे मिसफायर आहे, पण एकाच ठरावीक सिलिंडरचा नाही. पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त. पी०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त. पी०५०६ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे जास्त.

कोड भागाचं नाव सांगत नाही, लक्षण सांगतो. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणं म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर बदलणं.

खरी माहिती फ्युएल ट्रिममध्ये असते, म्हणजे संगणक पेट्रोल ठरलेल्यापेक्षा किती टक्के वाढवतो किंवा घटवतो त्या आकड्यात. इंजिन गरम असताना शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म या दोन्हींची बेरीज करा, एकदा आयडलला आणि एकदा २५०० आरपीएम धरून. ५ टक्क्यांच्या आतबाहेर उत्तम, १० च्या पुढे गडबड. आयडलला अधिक २२ आणि २५०० ला अधिक ४ आलं तर बाहेरची हवा आत घुसते आहे: आयडलला एकूण हवाच थोडी असते, म्हणून गळतीचा वाटा मोठा दिसतो, आणि थ्रॉटल उघडला की तो नगण्य होतो. उलट आयडलला अधिक ३ आणि २५०० ला अधिक १८ असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) मळलाय.

एक खाच इथे आहे. एअरफ्लो सेन्सर नसलेल्या, मॅप सेन्सरवर (हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या इंजिनात गळतीमुळे ट्रिम फारसं हलत नाही. तिथे आयडलच वर चढतं. तेव्हा मॅपचा आकडा पाहा: निरोगी इंजिनात गरम आयडलला तो साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो. ५० च्या वर असेल तर हवेची गळती, ईजीआर किंवा व्हॉल्व्ह टायमिंग, यांतलं काहीतरी आहे.

कोड पी०३०१ आहे. कॉइल खराब की प्लग, घरच्या घरी कसं ओळखायचं?

अदलाबदल करून. नवीन काही आणायची गरज नाही.

इंजिन बंद, किल्ली बाहेर, इंजिन हाताला सोसेल इतकं थंड. पहिल्या सिलिंडरच्या कॉइलचा कनेक्टर लॉक दाबून काढा. जुनं प्लास्टिक कडक होतं, ओढाल तर लॉकचा तुकडा हातात येईल. बोल्ट बहुधा १० मिमीचा असतो. कॉइल सरळ वर ओढण्याआधी डावी-उजवीकडे थोडी फिरवा, म्हणजे खालचा रबरी बूट प्लगपासून सुटतो. पहिली कॉइल तिसऱ्यावर आणि तिसरी पहिल्यावर बसवा, कोड पुसा, दहा मिनिटं गाडी चालू ठेवा.

कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. पी०३०१ च राहिला तर आता प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही पहिल्यालाच चिकटून राहिला, तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. पहिला सिलिंडर सहसा बेल्ट किंवा टायमिंग चेनच्या बाजूचा असतो, पण सगळ्या गाड्यांत नाही. माहितीपुस्तिकेत खात्री करून घ्या.

चालू इंजिनावर कॉइल उपटून बघायची जुनी युक्ती आता सोडा. तिथे हजारो व्होल्ट असतात, शिवाय त्या सिलिंडरचं पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जातं. त्याऐवजी एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा. ज्याचा काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळातच काम करत नव्हता. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात मात्र हे करू नका.

प्लग काढल्यावर त्यात काय बघायचं? किती घट्ट करायचे?

काढण्याआधी खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. खड्ड्यात तेल साचलं असेल तर रॉकर कव्हरचं पॅकिंग किंवा प्लग ट्यूबचं सील गेलंय. तेलाने कॉइलचा बूट फुगतो आणि ठिणगी बाजूने पळते. सिरॅमिकवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती ठिणगी पळाल्याची खूण. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदला, एकच बदललात तर जुना भाग नव्याला खराब करतो.

टोकाचा रंग फिका तपकिरी किंवा करडा असेल तर छान. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओलं, चकचकीत काळं म्हणजे तेल. पांढरं आणि फोड आल्यासारखं म्हणजे मिश्रण पातळ किंवा प्लग जास्त तापतोय. चौघांपैकी एकच वेगळा दिसत असेल तर दोष त्या सिलिंडरचा, चारही सारखेच काळे असतील तर दोष सगळ्यांना समाईक असलेल्या गोष्टीत.

गॅप बहुधा ०.७ ते १.१ मिमी असतो. नेमका आकडा पुस्तिकेतला घ्या. इरिडियमच्या प्लगमध्ये फिलर गेज घुसवून गॅप वाढवू नका, मधली सुई तुटते.

प्लग आधी नुसत्या हाताने, एक्स्टेन्शनच्या टोकाला सॉकेट लावून फिरवत बसवा. दोन-तीन आटे सहज गेले नाहीत तर मागे घ्या आणि पुन्हा लावा. वॉशर असलेला १४ मिमी आट्यांचा प्लग अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीचा १५ ते २० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. इंजिन गरम असताना प्लग खोलू नका. अ‍ॅल्युमिनियमचे आटे प्लगसोबत बाहेर आले तर पुढचं काम घरचं राहत नाही.

कुठूनतरी हवा घेतेय असं वाटतं. गळती कशी शोधू?

गळती बहुतेक वेळा रबरात असते. क्रम असा ठेवा: एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा घड्यांचा रबरी पाइप (चीर बहुधा खालच्या बाजूच्या घडीत असते, म्हणून तो वाकवून, ताणून बघा), पीसीव्हीचा (इंजिनातली तेलाची वाफ परत आत ओढणारा) होस आणि त्याचा कोपरा, ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणाऱ्या भागाचा) जाड होस, पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या) होस, मग इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग. एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत डिपस्टिक नीट बसलेली नसली किंवा तेलाच्या झाकणाचं रबर गेलेलं असलं तरी आयडल बिघडतं, त्यामुळे ते आधी बघा.

ऐकण्यासाठी हातभर लांबीची रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं होसच्या जोडांवरून फिरवा. बेल्ट आणि पंख्यापासून लांब. गळतीपाशी सूं असा आवाज एकदम मोठा होतो.

नाहीतर दाबून बघा. पकडीच्या जबड्यांना कापड गुंडाळा आणि आयडल चालू असताना एकेक होस दोन-तीन सेकंद चिमटा. जो दाबल्यावर इंजिन सुधारतं, त्या होसच्या पलीकडे दोष आहे. पर्ज व्हॉल्व्ह आणि ब्रेक बूस्टर या दोन्हींसाठी यापेक्षा सोपी परीक्षा नाही.

कार्ब्युरेटर क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत सर्रास चालते. ती चालते हे खरं, पण तो द्रव पेट घेतो आणि शेजारीच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापलेला असतो. पाण्याचा बारीक फवारा वापरा: गळतीवर पाणी बसलं की सूं थांबतो किंवा इंजिन क्षणभर अडखळतं. कॉइल, कनेक्टर आणि अल्टरनेटर यांवर पाणी नको, आणि तापलेल्या एक्झॉस्टवरही नको.

आणि हे सगळं उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो.

थ्रॉटल बॉडी साफ केली आणि आयडल १५०० वर गेलं. काय चुकलं?

बहुधा काही नाही. पाकळीच्या कडेला कार्बन साचत गेला तसा संगणक ती थोडी थोडी जास्त उघडायला शिकला. आता कार्बन नाही, पण शिकलेलं उघडणं तेच आहे, म्हणून हवा जास्त जाते. काही गाड्या दहा-वीस मिनिटं चालवल्यावर स्वतःच सावरतात. नाहीच सावरली तर इंजिन रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत गरम करा, दिवे-एसी सगळं बंद ठेवून दहा मिनिटं आयडलवर ठेवा, मग एसी लावून पाच मिनिटं. काही मॉडेलना स्कॅनरवरूनच आयडल रीलर्न द्यावं लागतं. बॅटरीची तार काढायचा विचार असेल तर आधी रेडिओचा कोड जवळ आहे ना ते पाहा.

साफ करताना थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर मारा आणि पाकळीची कड व भोवतीची रिंग दोन्ही बाजूंनी पुसा. सरळ आत पिचकारी मारली तर द्रव दांड्याच्या बेअरिंगमधून मोटारीत उतरतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नका, आतले दाते प्लास्टिकचे असतात. किल्ली ऑन असताना तर बोट आत नकोच, पाकळी अचानक मिटते. साफ केल्यावर गळती, सैल क्लॅम्प किंवा निघालेला होस राहिला नाही ना, हेही बघा. १५०० आरपीएमचं खरं कारण कधी कधी तेवढंच असतं.

थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून आयडल वाढवलं तर?

थरथर लपेल, कारण तसंच राहील. तो स्क्रू कारखान्यात पाकळी अडकू नये म्हणून लावलेला असतो. आयडल ठरवायला संगणक आहे. स्क्रू फिरवल्यावर संगणकाला 'पाय वर आहे' हा संकेतच मिळेनासा होतो आणि उतरावर पेट्रोल बंद करणंही बिघडतं.

एअरफ्लो सेन्सर कसा साफ करायचा?

त्याच्यासाठीच्या क्लीनरने, आठ-दहा फवारे, हात न लावता. ब्रश, कापूस, ब्रेक क्लीनर काही नाही. तार केसापेक्षा बारीक असते. पूर्ण वाळल्यावरच कनेक्टर लावा. ढोबळ कसोटी अशी: गरम आयडलला सेकंदाला जितके ग्रॅम दिसतात तो आकडा इंजिनाच्या लिटरच्या आसपास असतो, म्हणजे दोन लिटरला साधारण दोन. तेलात भिजवायचे फिल्टर वापरणाऱ्यांच्या गाडीत हा सेन्सर लवकर मळतो.

ऑटोमॅटिक गाडी फक्त डी मध्ये, ब्रेक दाबून उभं असताना थरथरते. न्यूट्रलला शांत.

माउंटिंग. बोनेट उघडा, कोणाला तरी गाडीत बसवा, ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही लावून डी, मग आर टाकायला सांगा. तुम्ही गाडीच्या बाजूला उभे राहा, समोर नाही. इंजिन दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त उसळत असेल किंवा ठक्क वाजत असेल तर रबर फाटलंय. द्रव भरलेल्या माउंटिंगखाली काळपट ओघळ दिसतो. एक बदललं आणि थरथर उरली तर दुसरंही बघा, कारण एक बसल्यावर भार दुसऱ्यावर येतो.

ब्रेक दाबताच आरपीएम बदलत असेल आणि पायापाशी सूं ऐकू येत असेल तर मात्र बूस्टरचा पडदा फाटलाय. तो आयडलचा नव्हे, ब्रेकचा प्रश्न समजा आणि गाडी चालवू नका.

पेट्रोल भरलं की पहिला स्टार्ट जड जातो आणि इंजिन अडखळतं.

पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. टाकीतली वाफ थेट मॅनिफोल्डमध्ये जाते. कनेक्टर काढलेल्या व्हॉल्व्हमधून फुंकून बघा, हवा जायला नको. गेली तर बदला. यात साफ करण्यासारखं काही नसतं.

थंड इंजिनाला त्रास, गरम झालं की ठीक. किंवा उलट.

रात्रभर उभ्या गाडीत किल्ली ऑन करून स्कॅनरवर कूलंटचं तापमान वाचा. ते बाहेरच्या हवेइतकं हवं. उणे ४० दिसलं तर सेन्सरची तार तुटली आहे. हवेपेक्षा बरंच जास्त दिसलं तर संगणक इंजिन गरम समजून पेट्रोल कमी देतो आणि थंडीत अडखळतं. इंजिन ७० अंशांच्या वर चढतच नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.

उलट प्रकारात, गरम झाल्यावर त्रास होत असेल तर पहिला संशय कॉइलवर, दुसरा उघड्या अडकलेल्या ईजीआरवर.

इंजेक्टर क्लीनरची बाटली ओतून फायदा होतो?

तोंडाशी हलका थर असेल तर एक-दोन टाक्यांत थोडा फरक पडतो. विजेने मेलेल्या इंजेक्टरला काहीही होत नाही. आधी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानामागच्या हाडावर ठेवून ऐका, चारही सारखे टकटकायला हवेत. जो गप्प आहे त्याचा रेझिस्टन्स मोजा: मॅनिफोल्डवरच्या इंजेक्टरचा बहुधा १२ ते १६ ओहम. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन या बाटलीने निघत नाही, कारण पेट्रोल तिथून जातच नाही.

प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळं तपासलं. एक सिलिंडर तरीही मेलेला.

आता कॉम्प्रेशन. इंजिन एकदा गरम करून हाताला सोसेल इतकं निवलेलं, चारही प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चांगली चार्ज. गेज लावून प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाब होतील इतकं फिरवा. चांगल्या पेट्रोल इंजिनात बहुधा १० ते १३ बार येतात. पण आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: १५ टक्क्यांहून जास्त तफावत नको.

कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा. नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्या दोघांमधलं हेड गॅस्केट. हेड काढायला सांगण्याआधी एकदा टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) गॅप मोजून घ्या. एक्झॉस्टची गॅप मिटली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन आयडललाच गळतं आणि वरच्या आरपीएमला गाडी ठीक वाटते.

गाडी पेट्रोलवर छान, गॅसवर थरथरते.

गॅसला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून पेट्रोलवर चालून जाणारा जुना प्लग किंवा कमजोर कॉइल गॅसवर लगेच उघडी पडते. प्लगपासून सुरुवात करा, मग गॅसचा फिल्टर, मग टॅपेट. गॅसवर चालणाऱ्या इंजिनात एक्झॉस्टची गॅप लवकर मिटते, त्यामुळे ती जास्त वेळा मोजावी लागते.

डिझेल?

ठिणगीचा प्रश्न नाही. फक्त थंडीत थरथर आणि पांढरा धूर असेल तर ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे). कायम असेल तर डिझेलमध्ये हवा (फिल्टरच्या पारदर्शक पाइपात बुडबुडे दिसतात) किंवा इंजेक्टर. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या सारख्या बाटल्यांत सोडून काही मिनिटं आयडल चालवा, ज्याची बाटली इतरांच्या पुढे भरते तो आतून गळतोय. कॉमन रेलच्या प्रेशरच्या पाइपाला चालू इंजिनावर हात लावू नका. तिथला दाब शेकडो बार असतो आणि सुईसारखी धार कातडी भेदून आत जाते.

कार्ब्युरेटरची बाइक न्यूट्रलला बंद पडते.

बहुधा पायलट जेट तुंबलंय. बाइक महिनाभर उभी राहिली की पेट्रोल सुकून त्याच्या केसाएवढ्या भोकात गोंद बसतो. क्लीनर आणि हवेने साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होतं. मग इंजिन गरम करून मिक्स्चर स्क्रू हलकेच पूर्ण आत टेकवा आणि दीड ते अडीच फेरे बाहेर काढा. पाव-पाव फेऱ्याने पुढेमागे करून सर्वांत जास्त आरपीएम मिळतील तिथे थांबा, नंतर आयडल स्क्रूने पुस्तिकेत दिलेल्या आरपीएमवर आणा. लहान बाइकना तो आकडा १२०० ते १५०० च्या दरम्यान असतो. स्क्रूने काहीच फरक पडत नसेल तर इनटेकच्या रबरी जोडाला चीर आहे का ते पाहा.